वाफ्याचे पांघरूण

मे महिन्यात मानखुर्दमधील एखाद्या इमारतीच्या आवारात उघड्या वाफ्याला हात लावला तर चटका बसतो. जुलैत त्याच वाफ्यातील माती पावसाच्या माऱ्याने उसळून जिन्याच्या पायरीपर्यंत येते. थंड देशांतील बागकामाच्या पुस्तकांत वाफे झाकतात ते हिमापासून. मुंबईत हिम कुठले? येथे वैर ऊन आणि पाऊस या दोघांचे, म्हणून एकच आवरण बाराही महिने चालत नाही.

उन्हाळ्यात वाफ्याला वर सावली आणि खाली आच्छादन, दोन्ही लागते. सावलीसाठी हिरवी जाळी घेताना निम्मे ऊन अडविणारी, म्हणजे ५० टक्क्यांची पुरे. दुकानदार ७५ टक्क्यांची पुढे करतो, पण तिच्याखाली पालेभाजी लांबट व फिकी होते. जाळी रोपांवर टेकू न देता बांबूंवर उंच ताणावी, म्हणजे हवा खेळती राहते. मातीवरील आच्छादनासाठी मुंबईत उसाच्या चिपाडांइतके सोयीचे काही नाही. वांद्र्याचे डॉ. आर. टी. दोशी यांनी आपल्या गच्चीवरील शेतीत ती वर्षानुवर्षे वापरली. रसवाला ती फेकूनच देतो. मात्र ताज्या चिपाडांच्या गोडव्याने मुंग्यांची रांग लागते आणि मग पाणी घालताना त्यांचा नाहक जीव जातो. म्हणून ती आधी कडक उन्हात वाळवून, तुकडे करून चार बोटे जाडीने पसरावीत. रोपाच्या बुंध्याशी थोडी जागा मोकळी सोडावी.

व्यापारी घरात टिकाऊ वस्तूकडे ओढ असते, त्यामुळे प्लास्टिकचा मल्चिंग पेपर मोहात पाडतो. ठिबक सिंचनाच्या शेतात त्याचा उपयोग आहेच. पण झारीने पाणी घालायच्या लहान वाफ्यावर पाणी त्यावरून ओघळून जाते, काळा कागद उन्हात तापतो आणि फाटला की त्याचे तुकडे मातीत राहतात. तेथे स्वस्त चिपाडच सरस.

खरी कसोटी पावसाळ्याची. मुंबईत वर्षाला २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उन्हाळ्यातील जाड थर तसाच राहिला तर तो कुजतो. त्याखाली गोगलगायी आणि पैसे आसरा घेतात. मग वाफ्यात हात घालणेही जिवावर येते. म्हणून पहिल्या सरींपूर्वीच, जीव वस्तीला येण्याआधी, थर एका बोटावर आणावा. चातुर्मासात अनेक घरांत पालेभाज्या वर्ज्य, त्यामुळे वाफा रिकामा पडतो. आणि रिकामा वाफा म्हणजे वाहून जाणारी माती. त्यावर मृगाच्या पावसात, चातुर्मास बसण्यापूर्वी, ताग किंवा चवळी पेरून ठेवावी. पाने पावसाचा मार झेलतात, मुळांवरील गाठी जमिनीत नत्र साठवितात. ताग फुलावर येण्याआधी कापून तेथेच पसरतात. कापणे नको वाटणाऱ्यांनी चवळीचा वेल मनसोक्त पसरू द्यावा.

दिवाळीनंतर मेथी-कोथिंबीर पेरली की धान्याच्या दुकानातील रिकामे गोणपाट भिजवून वाफ्यावर घालावे. कोंब दिसताच ते त्याच संध्याकाळी उचलावे. एक दिवसाचा आळस रोपे पिवळी करतो. मिठाचे किंवा रसायनाचे गोणपाट मात्र चुकूनही नको.

पुढे पानगळ सुरू होते, आणि आवारातील पाचोळा झाडून कचऱ्याच्या गाडीत जातो किंवा कोपऱ्यात पेटविला जातो. त्या आगीत किती किडेमुंग्या होरपळतात याचा हिशेब कोणी ठेवत नाही. देवनारची कचराभूमी १९२७ पासून मानखुर्दच्या शेजारी आहे. जानेवारी २०१६ मध्ये ती पेटली तेव्हाचा धूर येथील घरांनी सोसला आहे. तोच पाचोळा गोणीत भरून, तोंड बांधून, पावसाला लागणार नाही असा जिन्याखाली ठेवला तर मार्च उजाडता उन्हाळ्याचे अर्धे आच्छादन घरातच तयार असते. उरलेल्या अर्ध्यासाठी रसवाला नाक्यावर येतोच.