काकांची मॅग्नम

१९६६ च्या दिवाळीत, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या तळ्याला, काकांनी आपली बोल्टची रायफल प्रथमच माझ्या हाती दिली. पॉइंट तीनशे पंचाहत्तर मॅग्नम! लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने १९१२ साली काढलेले हे काडतूस. गोळी तीनशे ग्रेनची, म्हणजे दीड तोळ्याहून जड. आफ्रिकेतल्या हत्ती-रानम्हशींची ही बंदूक आमच्या रानडुकरांना कशाला, असे काकू नेहमी विचारीत.

तळगडाच्या पायथ्याशी मी पहिला बार काढला. खांद्यावर घण बसावा तसा धक्का! तरी हसून दाखवले. काकांनी पाठमोरे होऊन रायफल पुन्हा भरून दिली. चाप ओढला, तो नुसताच ‘खट्’. आत काडतूस नव्हतेच! पण माझे डोळे मिटलेले आणि नळी वीतभर खाली.

“धक्क्याआधीच भितोस, बाळ. डुक्कर जखमी होऊन सुटले, तर उद्या त्या वाटेने गुराख्यांची पोरे जायची आहेत. आज तू घरीच राहा.”

भाताच्या राखणीला माळ्यावर ते एकटेच गेले. मी रात्रभर जागा.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर रायफल कपाटात गेली. काकांमागे परवाना माझ्या नावावर आला. दर दिवाळीला तेलपाणी करून मी रिकामाच चाप ओढून पाहतो. पापणी अजून लवते.