ग्रॅच्युइटीचे पैसे सँडविचच्या धंद्यात घालावेत का?

रविवारची वंदना आटोपली आणि विहाराच्या पायरीवर चपला शोधता शोधता एका गृहस्थांनी आम्हाला गाठले. महापालिकेच्या सफाई खात्यात चौतीस वर्षे काढून निवृत्त झालेले. म्हणाले, "जय भीम दादा. एक सल्ला पाहिजे. फंड-ग्रॅच्युइटीतले पाच लाख बाजूला ठेवलेत. पोरगा बी.कॉम. झालाय, तीन वर्षं कॉन्ट्रॅक्टच्या नोकऱ्या करून कंटाळलाय. सँडविचचं दुकान काढतो म्हणतो. द्यावेत का?"

आता हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. गिरण्या गेल्या, सरकारी भरती आटली, आणि आपल्या वस्त्यांतून शिकलेली मुले धंद्याकडे वळू लागली आहेत. चांगली गोष्ट आहे. पण ज्या घरात धंद्याची परंपरा नाही, त्या घरात धंदा बुडाला तर सावरायला काका-मामाचे दुकान नसते. म्हातारपणाचा पैसा एकदाच मिळतो. म्हणून आम्ही हो किंवा नाही असे काहीच न सांगता कागद-पेन्सिल मागवली आणि मुलालाही बोलावून घेतले.

मुलाचा बेत मोठा होता. स्टेशनजवळ गाळा, काचेचे काउंटर, विजेचा ग्रिल, फ्रिज, एक मदतनीस. त्याने हिशेब केला होता, पण तो सगळा विक्रीचा. "दिवसाला शंभर सँडविच, पन्नास रुपयांनी पाच हजार, महिन्याचे सव्वा लाखाच्या वर." विक्रीला नफा समजणे ही पहिली चूक, आणि ती भल्याभल्यांकडून होते.

आम्ही एकाच सँडविचपासून सुरुवात केली. साधे व्हेज टोस्ट, बटाटा-काकडी-टोमॅटो-कांदा-बीट घातलेले. मोठ्या पावात कडेचे दोन तुकडे सोडले तर वीस स्लाइस धरा, म्हणजे दहा सँडविच. पाव पासष्ट रुपयांना, तेव्हा एका सँडविचला साडेसहा. लोणी दहा ग्रॅम, सहा रुपये. भाज्या पाच रुपये. हिरवी चटणी आणि मसाला अडीच. गॅस, कागदी प्लेट, सॉस मिळून तीन. एकूण तेवीस. पन्नासला विकले तर हाती सत्तावीस. (हे भाव आम्ही आमच्या बाजारात विचारून धरले. वाचकांनी आपापल्या गावचे भाव घालून आकडे बदलावेत, रीत तीच.)

आता गाळा. भाडे अठरा हजार, मदतनिसाचा पगार बारा हजार, व्यापारी दराची वीज चार हजार, आणि पाणी, साफसफाई, दुरुस्ती, वाया जाणारा माल धरून आणखी चार हजार. महिन्याला अडतीस हजार. महिन्याचे सव्वीस दिवस धरले, तर रोज चौपन्न सँडविच खपली की नुसता हा खर्च निघतो, मालकाच्या हातात शून्य. मालकाने स्वतःला वीस हजार तरी पगार धरायचा म्हटले, तर रोज त्र्याऐंशी सँडविच. पावसात, संपाच्या दिवशी, कॉलेजच्या सुट्टीतही सरासरी त्र्याऐंशी. शिवाय अनामत रक्कम आणि सामानात अडकलेला पैसा वेगळाच.

मुलगा गप्प झाला. वडील म्हणाले, "मग रोज किती खपतात ते कुणाला ठाऊक?"

खरा प्रश्न हाच होता, आणि त्याचे उत्तर कागदावर नव्हते. म्हणून बाप-लेकांनी आळीपाळीने त्याच स्टेशनजवळच्या एका जुन्या सँडविचवाल्याच्या समोर, चहाच्या टपरीवर, चार दिवस सकाळी अकरापासून रात्री नऊपर्यंत पाळत ठेवली. वडिलांनी शर्टाच्या डाव्या खिशात आगपेटीच्या काड्या भरल्या. एक सँडविच गेले की एक काडी उजव्या खिशात. पहिल्या दिवशी एकसष्ट, दुसऱ्या दिवशी चौपन्न, तिसऱ्या दिवशी बहात्तर, आणि शनिवारी ऑफिसे बंद म्हणून फक्त एकोणतीस. सरासरी काढली तर चौपन्न. म्हणजे पंधरा वर्षे जम बसलेल्या माणसाइतकी विक्री पहिल्या दिवसापासून झाली असती, तरी गाळ्यात बसून मुलाच्या हाती दमडी उरली नसती. तो जुना सँडविचवाला टिकून आहे, कारण त्याला ना गाळ्याचे भाडे, ना पगारी मदतनीस. घरून बायको बटाटे उकडून, चटणी वाटून देते.

या बायकोच्या कामाबद्दल थोडे बोलले पाहिजे. चटणी म्हणजे कोथिंबीर, पुदिना, मिरची, आणि पाणी सुटू नये म्हणून त्यात वाटलेली भाजकी डाळ किंवा पावाचा तुकडा. ती पहाटे वाटावी लागते, उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत टिकत नाही. बटाटे रात्री उकडून ठेवले तर आंबतात. पाच वाजता उठणाऱ्या बाईचे दोन-अडीच तास यात जातात आणि कुठल्याही वहीत त्याची नोंद नसते. मग शेजारीपाजारी म्हणतात, धंदा फायद्यात आहे! आमचे मत स्पष्ट आहे: घरच्या बाईची मजुरी खर्चात मांडा आणि ती तिच्या हातात द्या. ती दिल्यावर जे उरेल तोच नफा.

आता दुसरी गोष्ट, जी कागदावर मांडता येत नाही. खाण्याचा धंदा आणि आपली जात.

मुंबईच्या गिरण्यांत आपल्या लोकांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण धोट्यात सूत ओढायला तोंड लावावे लागे आणि आपले उष्टे इतरांना चालत नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न ठामपणे मांडला होता. खुद्द बाबासाहेबांनीही १९१७ साली बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला आल्यावर शेअर-गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय करून पाहिला. जात कळताच गिऱ्हाईक तुटले. पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाने आपल्याला कोणत्याही दुकानात, कोणत्याही हॉटेलात जाण्याचा हक्क मिळाला. पण उलट बाजूने पाहा. आपल्या हातचे खा, अशी सक्ती कोणतेही कलम कोणावर करू शकत नाही. तिथे गिऱ्हाईक मनाचा राजा असतो. म्हणूनच आपल्यातले काही जण पाटीवर भलतेच नाव लावतात, देवादिकांची तसबीर टांगतात आणि गिऱ्हाइकासमोर एकमेकांना जय भीम म्हणायचे टाळतात. त्यांना नावे ठेवायला आमची जीभ रेटत नाही. पोट त्यांचे आहे. पण रोज बारा तास दुसरेच कोणी म्हणून उभे राहायचे, याचीही एक किंमत असते.

या घरात तो वाद उठलाच. मुलगा म्हणाला, सुरुवातीला फोटो नको, धंदा बसू दे. आई आतून चटणीची मिरची निवडत होती. ती तिथूनच म्हणाली, "बाबांचा फोटो नसेल, तर माझ्या हातची चटणीपण नसेल."

विषय तिथेच मिटला.

जागेचे मात्र सोपे नव्हते. रस्त्यावर गाडी लावावी, तर १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने पथविक्री हा घटनेच्या एकोणिसाव्या कलमाखालचा हक्क मानला आहे आणि २०१४ मध्ये पथविक्रेत्यांसाठी स्वतंत्र कायदाही झाला. तरी प्रमाणपत्र हाती नसलेल्या नव्या माणसाची गाडी उचलायला पथकाला वेळ लागत नाही, आणि एकदा गाडी उचलली की आठवड्याचा नफा जातो. तेव्हा दुकानापुढचा ओटा भाड्याने घ्यायचे ठरले. पहिल्या दुकानदाराने हो म्हटले, आडनाव विचारले आणि दोन दिवसांनी "घरच्यांची तयारी नाही" असा निरोप धाडला. दुसरा एक मोबाईल दुरुस्तीवाला. त्याने आडनाव विचारले नाही, धूर होणार का एवढेच विचारले. सहा हजारांवर सौदा ठरला.

पैशांचे काय केले? पाच लाखांतले चार बँकेत मुदत ठेवीत गेले. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक उपभोगाला, दोन धंद्यात आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा. वडिलांनी आम्हाला विचारले, मग दोन भाग घालू का? आम्ही म्हटले, ते कमवत्या माणसाच्या मिळकतीबद्दल आहे. तुमची ग्रॅच्युइटी हा तुमचा चौथाच भाग आहे, तो आधीच राखून ठेवलेला. हा आमचा अर्थ, कोणा भिक्खूंना तो पटेलच असे नाही.

उरलेल्या लाखात काउंटर, हातातले दोन टोस्टर, शेगडी, व्यापारी गॅसचा निळा सिलिंडर (घरगुती सिलिंडर धंद्यात वापरणे बेकायदा आहे, पकडले तर तोही जातो), डबे, बर्फाची पेटी आणि तीन महिन्यांचे भाडे. अन्न सुरक्षा खात्याची नोंदणी मुलाने स्वतः केली, एजंटाला पैसे मोजले नाहीत. ज्यांच्याजवळ हा लाखही नाही त्यांनी १९७८ पासून चालत आलेल्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात स्वतः जाऊन चौकशी करावी. बँकेत मुद्रा योजनेचे शिशु कर्ज पन्नास हजारांपर्यंत मिळते. रस्त्यावर बसणाऱ्यांसाठी २०२० मध्ये सुरू झालेली स्वनिधी योजना आहे. २०२५ मध्ये तिचा पहिला हप्ता दहा हजारांवरून पंधरा हजार झाला. जातीच्या दाखल्याची प्रत तयार ठेवा आणि "साहेबांना द्यावे लागतात" म्हणणाऱ्या मध्यस्थाला दारातूनच वाटेला लावा.

पहिला महिना वाईट गेला. रोज बावीसच्या आसपास. सत्तावीसने गुणा, सव्वीस दिवसांचे पंधरा हजार चारशे चव्वेचाळीस. त्यातून भाडे सहा हजार, दिवाबत्ती आणि वाया गेलेला माल अडीच हजार, आईची मजुरी सहा हजार. मुलाच्या हाती उरले नऊशे चव्वेचाळीस रुपये. तो आईला म्हणाला, या महिन्याची तुझी मजुरी राहू दे. वडील म्हणाले, "वहीत लिहिलंय, द्यायची." दिली. शेजारच्या सोसायटीतली दोन-तीन माणसे फोटो पाहून पुढे निघून गेली, हे मुलाने आम्हाला सांगितले. नुसता पावावर हात ठेवून परत फिरलेली एक बाईही त्याने सांगितली. पण कॉलेजची मुले टिकली. जवळच्या बँकेतले एक गृहस्थ तर आता रोज येतात आणि जय भीम म्हणून ऑर्डर देतात. ते आपले आहेत की नाहीत, हे मुलाने अजून विचारलेले नाही.

सहाव्या महिन्यात सरासरी पंचेचाळीसवर आली. एकतीस हजार पाचशे नव्वदमधून साडेचौदा हजार वजा जाता सतरा हजार नव्वद. सिक्युरिटीच्या नोकरीत बारा तास उभे राहून जेवढे मिळते, जवळजवळ तेवढेच. धोकाही आहेच. कोथिंबिरीची जुडी पावसात चौपटीवर जाते. २०२३ च्या जुलैत टोमॅटोने किलोला शंभरी ओलांडली तेव्हा कित्येक सँडविचवाल्यांनी टोमॅटोची चकती कागदासारखी पातळ केली होती. मे महिन्यात कॉलेज बंद. ॲपवरून घरपोच विक्री करावी का, हेही मुलाने तपासले. पंचवीस टक्के कमिशन गेले तर सत्तावीसचे साडेचौदा उरतात, तेव्हा तूर्त नको म्हणाला. (ॲपवर फोटो दिसत नाही, असे तो हसत म्हणाला. आई हसली नाही.)

पावाच्या कापलेल्या कडा आधी फेकल्या जात. आता आई त्या वाळवून, कुटून चुरा करते आणि शनिवारी कटलेट होतात. शनिवारची विक्री त्यामुळे थोडी उचलली आहे.

चौदा एप्रिलला ओटा बंद होता, सगळे घर मिरवणुकीत. पंधराला पुन्हा उघडला. वडील संध्याकाळी मोबाईलवाल्याच्या स्टुलावर येऊन बसतात. वही मुलाकडे आहे, तरी त्यांच्या डाव्या खिशात काड्या असतातच. परवा गुरुवारी उजव्या खिशात सत्तेचाळीस निघाल्या.