नव्या कराराआधीची मंडळी

इ.स. 325 मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने नायसियाला धर्मसभा भरवली आणि बायबलमध्ये कोणती पुस्तके ठेवायची ते तिथेच ठरले, असे पुष्कळांना वाटते. लोकप्रिय कादंबऱ्यांनी हा समज पक्का केला. तो चुकीचा आहे. सभेपुढचा मोठा वाद एरियस नावाच्या धर्मगुरूच्या मताचा होता: ख्रिस्त पित्यासारखाच अनादी, की निर्माण केलेला? ईस्टरच्या तारखेचाही प्रश्न होता. सभेने केलेल्या वीस नियमांत ग्रंथांची यादी नाही. आज मान्य असलेली नव्या कराराची नेमकी 27 पुस्तके एकत्र नोंदलेली आढळतात ती 367 मध्ये, अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस यांच्या पत्रात.

मग त्याआधी ख्रिस्ती मंडळ्या कशावर चालत होत्या? येशूने स्वतः काही लिहून ठेवले नाही. त्याला इ.स. 30च्या सुमारास क्रुसावर चढवले गेले. सर्वांत जुने मानले जाणारे मार्कचे शुभवर्तमान साधारण 70च्या आसपासचे. मधल्या चाळीस वर्षांत यहुदी धर्मशास्त्र आणि प्रेषितांची तोंडी शिकवण हाच आधार होता. पौलाची पत्रे 50च्या दशकातली, पण तीही या शिकवणीवरच उभी आहेत. ख्रिस्ताचे मरण, दफन आणि पुनरुत्थान यांविषयी आपल्याला जे मिळाले तेच तुम्हाला सोपवले, याची आठवण तो करिंथकरांना देतो.

तोंडी म्हणजे कुणीही काहीही सांगावे, असा मात्र प्रकार नव्हता. दुसऱ्या शतकाच्या आरंभी हायरापोलिसचे बिशप पापियास वडीलधाऱ्यांच्या सहवासात राहिलेल्यांना गाठून विचारत: पेत्र काय म्हणाला, अंद्रिया काय म्हणाला? पुस्तकांपेक्षा अशा जिवंत साक्षीचा त्यांना अधिक भरवसा वाटे. तरी त्यांनी स्वतः पाच भागांचा ग्रंथ लिहिला. तो आज इतरांच्या उताऱ्यांतूनच उरला आहे.

लिखाण आल्यावर तोंडी परंपरा संपली, हेही खरे नाही. वाचता येणारे थोडे होते. एक वाचे, बाकीचे ऐकत. 155च्या सुमारास ख्रिस्ती लेखक जस्टिन रविवारच्या सभेचे वर्णन करतो: प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वाचले जात, मग अध्यक्ष त्यावर बोलत.

लिखाण आणि तोंडी परंपरा या दोन्हींचे नाते सर्वांत स्पष्ट दिसते ते इ.स. 200च्या सुमारास, रोसस गावात. तिथली मंडळी पेत्राच्या नावाचे एक शुभवर्तमान वाचत असे. अंत्युखियाचे बिशप सेरापियन यांनी ते न वाचताच परवानगी दिली होती. पुढे त्यांनी ते वाचले. बराचसा भाग योग्य, पण काही मजकूर परंपरेने आलेल्या शिकवणीत न बसणारा, असे त्यांना दिसले आणि नावावर पेत्र असूनही त्यांनी ते पुस्तक नाकारले.