खोली पाहायला जाताना टेप बरोबर घ्या

पोटासाठी गाव सोडावे लागते. कुणाला कारखान्यात काम मिळते, कुणाला दवाखान्याजवळ राहावे लागते. नव्या गावात परवडेल अशी जागा शोधणे धडधाकट माणसालाही जड जाते. मग ज्याचा पाय अधू आहे, ज्याला दिसत नाही, जो चाकाच्या खुर्चीवर हिंडतो, त्याला ते किती जड जात असेल! तरी अशी माणसे शहरात येतात, खोली मिळवतात आणि आपल्या कमाईवर राहतात. खोली निवडताना त्यांनी काय पाहावे आणि कोणता कागद कुठे उपयोगी पडतो, ते या पाठात पाहू.

आधी एका शब्दाविषयी. आपण अपंग म्हणतो. सरकारी कागदावर आता दिव्यांग असे लिहितात. दाखल्यावर हा शब्द दिसला तर गोंधळू नका. माणूस तोच, अडचणीही त्याच.

शोधाला सुरुवात खोलीपासून करू नका. कामाच्या जागेपासून करा. काम कुठे आहे, बस कुठे थांबते, दवाखाना किती लांब आहे, हे आधी पाहा. मग त्याच्या आसपास खोल्या बघा. पुष्कळ लोक उलटे करतात. लांबच्या वस्तीत भाडे कमी म्हणून तिकडे धावतात. आता हिशेब करून पाहू. लांबच्या खोलीचे भाडे महिना ३,५०० रुपये. तिथून कामावर जायला रिक्षाचे ४० रुपये आणि यायला ४० रुपये. रोजचे झाले ८०. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरले, तर रिक्षाला गेले २,०८० रुपये. भाडे आणि रिक्षा मिळून ५,५८० रुपये झाले. कामाजवळची खोली ५,००० रुपयांना मिळत असेल तर स्वस्त कोणती? हे आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत. तुमच्या गावचे आकडे घालून हा हिशेब पाटीवर करा. कुणी म्हणेल, रिक्षा कशाला, बस आहे की! पण गर्दीच्या वेळी कुबड्या घेऊन बसच्या पायरीवर चढून पाहा, म्हणजे कळेल.

आजकाल मोबाइलवर खोलीचे फोटो दाखवतात. फोटोत भिंतीचा रंग दिसतो, पायरी दिसत नाही. फोटो पाहून आगाऊ पैसे कधीही पाठवू नका. खोली दुसऱ्याचीच निघाली आणि पैसे बुडाले, असे पुष्कळ घडते. स्वतः जा. शक्य असेल तर आठ दिवस नातेवाइकाकडे किंवा धर्मशाळेत उतरा आणि हिंडून पाहा. दोनतीन फेऱ्या पडल्या तरी चालेल. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचा दाखला असेल, तर एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते. जागेची चौकशी किराणा दुकानदाराकडे करा, पोस्टमनकडे करा. त्या भागात आधीपासून राहणारा कुणी अपंग माणूस भेटला, तर त्याच्याइतकी खरी माहिती कुणी देणार नाही. दलालाकडे गेलात, तर त्याची दलाली किती, हे खोली पाहण्याआधी विचारा.

खोली पाहायला जाताना खिशात शिंप्याची टेप असू द्या. नुसत्या नजरेने माप कळत नाही. चाकाची खुर्ची साधारण सव्वादोन फूट रुंद असते. दार तीन फूट मोकळे असले, तर ती हाताला न खरचटता आत जाते. जुन्या इमारतीत बाहेरचे दार रुंद असते, मोरीचे आणि शौचालयाचे दार मात्र दोन-अडीच फूटच असते. म्हणजे खुर्ची घरात येते आणि मोरीशी अडते. टेप आधी तिथे लावा.

मग पायऱ्या मोजा. पायरीला उतार बांधता येतो, पण त्याला जागा लागते. एक इंच उंचीला बारा इंच लांबीचा उतार, असा नियम आहे. पायरी सहा इंच उंच असेल, तर उतार सहा फूट लांब हवा. दारासमोर सहा फूट जागा आहे का? की लगेच गटार आहे? तीन पायऱ्या असतील, तर अठरा फूट लागतील. एवढी जागा चाळीत कोण देणार! मालक म्हणेल, फळी टाकून देतो. आखूड फळीचा चढ फार उभा होतो. अशा फळीवरून खुर्ची मागे कलंडते.

सगळ्यांत महत्त्वाचे शौचालय. याविषयी बोलायला लोक लाजतात. म्हणून मी इथे जरा सविस्तर लिहितो.

आमच्या शाळेतून शिकून गेलेली एक मुलगी आहे. लहानपणी पोलिओने तिचे दोन्ही पाय लुळे झाले. ती शिवणकाम शिकली आणि भोसरीला एका कारखान्यात कामाला लागली. कामाच्या जवळ, स्वस्त आणि तळमजल्यावरची खोली मिळाली म्हणून घरची माणसे खूश झाली. शौचालय चाळीच्या टोकाला, सगळ्यांना मिळून एक, आणि त्याला चार पायऱ्या. दिवसा शेजारच्या बाया हात द्यायच्या. रात्री कुणाला उठवायचे? तिने दुपारी चारनंतर पाणी पिणे बंद केले. उन्हाळ्यातसुद्धा! दोन महिन्यांत लघवीची जळजळ सुरू झाली, ताप येऊ लागला. डॉक्टरांचे पैसे गेले, खाडे पडले. घरचे म्हणू लागले, पुरे झाले, परत ये. परत जायचे म्हणजे नोकरी सोडून भावाच्या दारात बसायचे. ते तिला नको होते. शेवटी तिने महिना १,२०० रुपये जास्त देऊन खोलीतच शौचालय असलेली जागा घेतली. वर्ष झाले, ती तिथे एकटी राहते आणि पोटभर पाणी पिते. घरच्यांनी ते १,२०० रुपये उधळपट्टीत धरले होते. माझ्या मते, त्या खोलीतला सगळ्यांत योग्य खर्च तोच.

तेव्हा मालकाला स्पष्ट विचारा. शौचालय खोलीत आहे का? बाहेर असेल तर किती पावले लांब, किती पायऱ्या, रात्री दिवा असतो का, पाणी चोवीस तास असते का? बैठे शौचालय असले तरी निराश होऊ नका. त्यावर ठेवायची, मध्ये भोक असलेली खुर्ची मिळते. दवाखान्याचे सामान विकणाऱ्या दुकानात कमोड खुर्ची म्हणून मागा. भिंतीत एक लोखंडी दांडा बसवला, की धरून उठता-बसता येते. मात्र दांडा विटेच्या पक्क्या भिंतीत बसवा. पत्र्याच्या आडोशाला लावलेला दांडा माणसासकट खाली येतो.

ज्याला दिसत नाही त्याने उघडी गटारे, कठडा नसलेला जिना आणि मोठ्या रस्त्यापासून घराची वाट, हे हाताने आणि काठीने तपासावे. एकदा दिवसा जावे, एकदा संध्याकाळी. संध्याकाळी वाटेवर हातगाड्या लागतात आणि सकाळची ओळखीची वाट बदलून जाते. ज्याला ऐकू येत नाही, त्याने दाराला दिव्याची घंटा बसवावी. बटण दाबले की आत दिवा लागतो.

आता मालकाशी बोलणे. काही मालक तोंडावर नाही म्हणतात. काही म्हणतात, तुम्ही पडलात तर जबाबदारी कुणाची? काठी किंवा खुर्ची लपवून फोनवर सौदा करू नका. पहिल्या भेटीतच सांगा, मी असा आहे, अमुक ठिकाणी काम करतो, भाडे महिन्याच्या पाच तारखेला देईन. गयावया करू नका. दयेने मिळालेल्या खोलीत नळ गळतो म्हणून सांगायचीही चोरी होते. अपंगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. अपंग म्हणून भेदभाव होऊ नये, असे त्यात लिहिले आहे. पण खाजगी मालकाने आपली खोली द्यावीच, अशी सक्ती त्यातून सहज होत नाही. तेव्हा एका दारात नकार मिळाला तर पुढच्या दारी जावे.

खोली ठरली की कागद करा. तोंडी बोलण्यावर राहू नका. महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा आहे. त्याप्रमाणे भाड्याचा करार लेखी पाहिजे आणि त्याची नोंदणी झाली पाहिजे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असे पुष्कळ जण सांगतात. महाराष्ट्रात ते खरे नाही. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. करारात भाडे आणि डिपॉझिट तर लिहाच, पण आणखी दोन ओळी घालायला सांगा. एक, भाडेकरूने दारात उतार आणि शौचालयात दांडा बसवण्यास मालकाची हरकत नाही. दोन, खोली सोडताना तो खर्च डिपॉझिटमधून कापायचा नाही. वाचता येत असेल तर प्रत्येक ओळ स्वतः वाचा, मगच सही करा. एक प्रत आपल्याकडे ठेवा. भाडे बँकेतून दिले तर त्याची नोंद राहते. रोख दिलेत तर पावती घ्या.

सरकारी घराचेही पाहून ठेवावे. २०१६ च्या कायद्याप्रमाणे सरकारच्या घरांच्या योजनांत अपंगांसाठी ५ टक्के जागा राखून ठेवायच्या आहेत आणि त्यात स्त्रियांना अग्रक्रम आहे. हा लाभ ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असणाऱ्यांना मिळतो. म्हाडाच्या घरांची सोडत निघते, तिच्यातही अपंगांचा वेगळा गट असतो. अर्जाला उत्पन्नाचा दाखला लागतो. महाराष्ट्रात १५ वर्षे राहिल्याचा अधिवास दाखलाही लागतो. अर्जासोबत अनामत रक्कम भरतात आणि नंबर लागला नाही तर ती परत मिळते. म्हाडाने दलाल नेमलेले नाहीत. तुमचा नंबर लावून देतो असे सांगून कुणी पैसे मागितले, तर तो ठक समजावा. सोडतीत नशिबाचा भाग मोठा आहे, म्हणून अर्ज भरा आणि भाड्याची खोलीही शोधत राहा.

महापालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायत यांनी आपल्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांच्या कल्याणासाठी खर्च करायचे असतात. नव्या गावच्या पालिकेत जाऊन, या पैशांतून काय मिळते, ते विचारा. कुठे चाकाची खुर्ची मिळते, कुठे आणखी काही. विचारल्यावाचून कुणी घरी आणून देत नाही.

अपंगत्वाचा दाखला नसेल तर तो गाव सोडण्यापूर्वीच काढा. अर्ज संगणकावर भरतात, तपासणी सरकारी रुग्णालयात होते आणि ओळखपत्र मिळते. हा दाखला साऱ्या देशात चालतो. नव्या जिल्ह्यात पुन्हा तपासणी करायला कुणी सांगितले, तर ही गोष्ट त्याला सांगा. रेशनच्या स्वस्त धान्याचे नाव यादीत असेल, तर धान्यही नव्या गावच्या दुकानात अंगठा लावून घेता येते. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे मिळत असतील, तर निघण्यापूर्वी तहसील कचेरीत जाऊन, पत्ता बदलल्यावर काय करावे लागेल, ते विचारून घ्या. तिथे दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.