तुर्भे नेमके कोणते?

आपण ज्याला ट्रॉम्बे म्हणतो त्याचे मराठी नाव तुर्भे. आमच्या वस्तीतील वडीलधारी मंडळी आजही तुर्भेच म्हणतात. परंतु ठाण्याच्या खाडीपलीकडे, नवी मुंबईतही तुर्भे आहे. घाऊक बाजारपेठेमुळे ते सर्वांना ठाऊक आहे, आणि २००४ साली तेथे रेल्वे स्थानकही झाले. शिवाय रायगड जिल्ह्यातील पोलादपूर तालुक्यात तुर्भे बुद्रुक व तुर्भे खुर्द ही गावे आहेत ती वेगळीच.

या नामसाम्याची किंमत मोजावी लागते. आमच्या शेजारच्या एका मुलाचे नोकरीच्या मुलाखतीचे पत्र खाडीपलीकडे फिरून आले, तेव्हा तारीख उलटून चार दिवस झाले होते. पाकिटावर फक्त 'तुर्भे' असे होते, पिन कोड नाही. त्याने अर्जात आपल्या गावाचे मराठी नाव लिहिले, यात त्याचे काय चुकले? तेव्हापासून बँकेत खाते उघडायला येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही ४०० ०८८ हा क्रमांक आवर्जून लिहायला लावतो.

'ट्रॉम्बे' या शब्दाचा प्रवास तर याहून मोठा आहे. १९५४ साली येथे अणुशक्ती संस्था स्थापन झाली तेव्हा तिच्या नावात ट्रॉम्बे होते. ४ ऑगस्ट १९५६ रोजी येथेच 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली. डॉ. होमी भाभा १९६६ मध्ये विमान अपघातात गेले आणि १९६७ साली संस्थेला त्यांचे नाव मिळाले. ते योग्यच झाले, पण आमच्या गावाचे नाव पाटीवरून गेले. टिकले ते भुईमुगात! या केंद्राने अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर काढलेल्या 'टीएजी-२४' या वाणातील 'टी' म्हणजे ट्रॉम्बे आणि 'ए' म्हणजे अकोला. ज्याने मुंबई पाहिली नाही असा शेतकरीही आमचे आद्याक्षर पेरतो.

आणि काहींना हे नाव न मागता मिळाले. १९७६ साली अणुकेंद्राच्या जागेवरून मानखुर्दची जनता कॉलनी उठवली गेली व हजारो माणसे ट्रॉम्बेच्या चिता कॅम्पात आली. त्यांच्या पासबुकावर आता आमच्याच गावाचे नाव आहे. एका आजींनी जनता कॉलनीच्या पत्त्याचे रेशन कार्ड मात्र अजून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवले आहे. केवायसीच्या वेळी त्यांनी तेच आधी काउंटरवर ठेवले.