रंगाचे पाणी आणि कोळंबीची टरफले

श्रोतेहो, इचलकरंजीला कापड रंगवतात, तेव्हा सगळाच रंग सुताला लागत नाही. उरलेला सांडपाण्यात जातो, आणि ते पाणी तसेच सुटले की पंचगंगा नासते. विरघळलेला रंग फडक्याने थोडाच गाळता येतो?

कोळंबीच्या टरफलांपासून कायटोसान काढतात. त्याचे रेणू साखळीसारखे लांब. त्या साखळ्या एकमेकींना बांधल्या की पाण्याने फुगलेले, शिजल्या साबुदाण्यासारखे मणी होतात. आम्लधर्मी पाण्यात मण्यांवर धन विद्युत्भार येतो. सुती कापडाच्या बऱ्याच रंगांवर ऋण असतो. झाले, रंग मण्याला चिकटलाच! पुढे अल्कधर्मी पाण्यात तो बराचसा सुटतो, मणी पुन्हा कामाला.

मात्र गुरुजी, मुलांना हेही सांगा: रंग नाहीसा झालेला नाही, थोड्या पाण्यात गोळा झाला आहे. त्या दाट पाण्याची विल्हेवाट वेगळी लावावीच लागते.