खुलताबादचे ‘बुऱ्हानी’: सूफी काव्य, ढोलक आणि नाच एकत्र येतात तेव्हा नेमकं काय होतं?

मोबाईलवर हल्ली एक रील हमखास समोर येतं. पांढरा घेरदार झगा, डोक्यावर उंच टोपी, एक माणूस स्वतःभोवती गरागरा फिरतोय आणि मागे डफाचा ठेका. खाली लिहिलेलं असतं, ‘सूफी डान्स’. बघणाऱ्याला वाटतं, हे कुठलं तरी तुर्कस्तानचं असणार. ते खरंही आहे. पण कविता, ठेका आणि नाच एकत्र करण्याची ही रीत आपल्या जिल्ह्याला परकी नाही. वेरूळच्या लेण्यांजवळच्या खुलताबादेत जवळपास सातशे वर्षांपूर्वी एक सूफी असे होऊन गेले, की त्यांच्या नाचण्याच्या ढंगावरून त्यांच्या शिष्यांना ‘बुऱ्हानी’ असं नावच पडलं.

ते म्हणजे बुऱ्हानुद्दीन गरीब. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य. मुहम्मद तुघलकाने दिल्लीतली माणसं दौलताबादला हलवली, त्या काळात ते दख्खनेत आले आणि 1337 साली इथेच वारले. खानदेशच्या फारुकी राजांनी तापीकाठी शहर वसवलं तेव्हा त्यांच्याच नावावरून त्याला बुऱ्हाणपूर म्हटलं. निजामुद्दीनांचे दुसरे शिष्य, फारसी कवी अमीर हसन सिज्झी, यांची कबरही खुलताबादेत आहे. म्हणजे कवीही इथेच, नाचणारेही इथेच.

या मैफलीला सूफी ‘समा’ म्हणतात. शब्दाचा अर्थ साधा आहे: ऐकणं. आधी ऐकणं, मग वाटलंच तर नाचणं. हा क्रम महत्त्वाचा. रीलमध्ये नेमका तोच उलटा होतो.

चिश्ती सूफींनी समाला नियम घातले होते. निजामुद्दीनांची शिकवण अमीर हसन यांनीच लिहून ठेवली, त्यात चार गोष्टी पाहायला सांगितल्या आहेत: गाणारा कोण, ऐकणारा कोण, गायलं काय जातंय आणि वाद्य कोणतं. गाणारा मोठा, समजता माणूस हवा. ऐकणाऱ्याच्या मनात देव हवा. शब्द अचकटविचकट नकोत. तारांच्या वाद्यांना तर जुन्या चिश्तींचा विरोधच होता. आजच्या कव्वालीत पेटी, म्हणजे हार्मोनियम, सगळ्यात पुढे असते. ती फार नंतर आली.

ठेका कशासाठी?

कव्वालीत ढोलक किंवा तबला आणि टाळ्या हा कणा असतो. ठेके आपल्याकडच्या भजनी मंडळाला पाठ असलेलेच, सहा मात्रांचा दादरा नाहीतर आठ मात्रांचा केरवा. ठेका साधा ठेवण्यामागे कारण आहे. समेवर दर वेळी सारखाच ठोका पडला की ऐकणाऱ्याचा श्वास आणि मान त्याला लागते, डोकं शब्दांसाठी मोकळं राहतं. मग कव्वाल एकच ओळ घोळवतो. कधी अर्धी ओळ, कधी एकच शब्द, दहा वेळा, वीस वेळा. दर फेरीला अर्थ थोडा खोल जातो.

अशात एखाद्याला ‘हाल’ येतो. तो रडतो, उठतो, झुलतो, फिरतो. तेव्हा बाकीचे आदराने उभे राहतात आणि कव्वालाने ती ओळ सोडायची नसते. त्या माणसाला ज्या शब्दाने उचललंय तोच शब्द त्याला खाली उतरेपर्यंत मिळाला पाहिजे, अशी समजूत आहे. दिल्लीचे कुतुबुद्दीन बख्तियार काकी 1235 मध्ये अशाच एका ओळीवर गेले, अशी कथा सांगतात. ओळीच्या पहिल्या अर्ध्याने प्राण जायचा, दुसऱ्या अर्ध्याने परत यायचा, असं दिवसचे दिवस चाललं म्हणे. कथा कथेसारखी घ्या, पण ढोलकवाल्याच्या हातावर केवढी जबाबदारी असते ते तिच्यातून कळतं. तो मैफलीत आपली कला दाखवायला बसलेला नसतो. त्याला समोरच्या माणसाकडे बघून वाजवावं लागतं.

वारकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. अभंग, मृदंग आणि पावली यांचं गणित याहून फार लांबचं नाही. शाहिराचा डफ आणि सूफींचा दफ तर एकाच घरातले, लाकडी कड्यावर ताणलेलं कातडं आणि वर हाताची थाप.

तुर्कस्तानात कोन्या इथे रूमीच्या (मृत्यू 1273) अनुयायांनी हेच शिस्तीत बसवलं. उजवा तळहात वर, डावा खाली, डाव्या पायावर फिरणं. 1925 मध्ये तिथल्या सरकारने सूफींचे मठ बंद केले. पुढे हा विधी परत दिसू लागला तो बराचसा पाहुण्यांसमोरचा कार्यक्रम म्हणून. आज अमेरिकेपासून मुंबईपर्यंत रंगमंचावर रूमीच्या कविता, तबला-दफ आणि नृत्य एकत्र येतं. आपल्याकडे मंजरी चतुर्वेदी यांनी ‘सूफी कथक’ म्हणून हा प्रकार मांडला. कथकच्या चकरा आणि दरवेशांचं फिरणं जुळतंही छान. फरक एवढाच, की रंगमंचावर कोण कधी नाचणार हे आधी ठरलेलं असतं.

जिवावर बेतणारी गोष्ट

गाणं-नाच धर्मात बसतं का, हा वाद जुना आहे आणि अजून मिटलेला नाही. पाकिस्तानातल्या सेहवान इथे लाल शहबाज कलंदरांच्या दर्ग्यात रोज संध्याकाळी नगाऱ्यावर धमाल होते, बाया-माणसं नाचतात. 16 फेब्रुवारी 2017 ला तिथे बॉम्बस्फोट झाला, ऐंशीहून जास्त माणसं गेली. दुसऱ्या पहाटे दर्ग्याची घंटा वाजली आणि संध्याकाळी लोक पुन्हा नाचले.

दख्खनेत हे काव्य दर्ग्यापुरतंही राहिलं नाही. विजापूरकडच्या सूफींनी दख्खनी बोलीत ‘चक्कीनामे’ रचले, बायकांनी दळताना म्हणायला. त्यात जात्याच्या खुंट्याला अलिफ अक्षराची उपमा येते. तिथे ढोलक नाही, जात्याची घरघर हाच ठेका. आपल्या ओवीची ही सख्खी मावसबहीणच. औरंगाबादचे अठराव्या शतकातले कवी सिराज यांची गझल तर भारत-पाकिस्तानचे कव्वाल आजही गातात.

खुलताबादला उरुसात मैफलीला बसायचं असेल तर डोकं झाकावं, पुढे बसलेल्यांमधून आडवं जाऊ नये. कव्वालांना नजराणा उधळत नाहीत, बुजुर्गाच्या हातून देतात. आणि कुणाला हाल आला तर मोबाईल खिशात ठेवावा.